संगणकावर मुलांचं नाव



आपल्या भंडारा जिल्ह्यात गिऱ्हेपुंजे हे आडनाव नवीन नाही. हजेरी घेताना त्यातला 'ऱ्ह' आपण सहज उच्चारतो, फळ्यावरही सहज लिहितो. संगणकावर मात्र हेच अक्षर कितीतरी वर्षं अडून बसलं होतं.

असं का? सुरुवातीचे घरगुती संगणक इंग्रजीसाठी बनले. त्यांच्या 'आस्की' तक्त्यात जागा फक्त १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांतच त्या संपल्या. जर्मन लोकांनासुद्धा आपली टिंबवाली अक्षरं चौकटी कंसांच्या जागी बसवावी लागली. मग आपल्या बाराखडीचं आणि जोडाक्षरांचं काय?

आयआयटी कानपूरमध्ये यावर काम सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकचं 'जिस्ट' कार्ड आलं. ते संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसे. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक प्रसिद्ध झालं. पण आपल्यापर्यंत पोचले ते कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट. कृतिदेवमध्ये अक्षर दिसायला मराठी, आत मात्र इंग्रजी! त्यात 'भंडारा' टाईप करा आणि फॉन्ट बदलून बघा. एच, के, ए, एम, के, जे, के एवढंच उरतं. एकदा मी निकालपत्रकाची फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली. तिथे तो फॉन्टच नव्हता. माझ्या वर्गातलं एकही नाव मला वाचता येईना.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, म्हणून आज फाईल कुठेही उघडते. तरी मराठीच्या काही गोष्टी मागेच राहिल्या. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. त्याआधी 'अ'ला चंद्र जोडून काम भागवत. दोन्ही दिसतात सारखे, पण यादीत नाव शोधताना जुळत नाहीत.

'ऱ्ह'चंही तसंच. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा फरक हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. घाईत रफार दिला की 'गिर्हेपुंजे' होतं. दाखल-खारीज रजिस्टरात एक नाव आणि ऑनलाईन यादीत दुसरंच असलं, की पुढे दाखल्यासाठी पालकांना हेलपाटे घालावे लागतात. मजुरी बुडवून येणाऱ्या आईबापांना ते परवडत नाही.

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर उपाय सोपा आहे:

ऱ्ह – शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू
ळ – शिफ्ट धरून एन

मी वर्गात प्रत्येक मुलाला स्वतःचं पूर्ण नाव टाईप करायला लावतो. त्याची प्रिंट घरी जाते आणि पालक ती आधार कार्ड, जन्मदाखल्याशी ताडून बघतात. एका तासाचं काम आहे. मुलांना जोडाक्षरं येतात आणि नावातला फरक चौथीतच सापडतो, दहावीच्या फॉर्मपर्यंत थांबावं लागत नाही.

आपल्या शाळेतही करून बघा.