टेलचं पाणी

गेल्या शनिवारी सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो होतो. लॅपटॉपसकट. (हो, माहितेय. काकूही हेच म्हणाली.) कारण शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवर एक भानगड झाली होती. काही जणांच्या रिक्वेस्ट आत यायच्या आणि... बस्स. उत्तर नाही, एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय.

काकांचं शेत वसमतच्या बाजूला, चारीच्या पार शेवटाला. यंदा हळद आहे. धरणाजवळ उभं राहून ते मला पूर्णेचा हिशोब सांगत होते. वर येलदरी, तिथलं पाणी वीजघरातून खाली येतं, सिद्धेश्वरला अडतं, मग कालवा, मग चारी, मग शेत. "ज्यानं त्यानं आपलं काम करायचं अन् पाणी पुढं सोडायचं. मधल्या एकानं दार लावून घेतलं की टेलवाला बसला बोंबलत. अन् दार कुणी लावलं ते सांगायला कुणी येत नाही."

मी गप्प. माझी भानगड हीच तर होती!

मंडळी, एक्सप्रेसमधे मिडलवेअर म्हणजे एकामागे एक लावलेली फंक्शन्स. प्रत्येकाला रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि नेक्स्ट मिळतं. त्याने एकतर उत्तर देऊन टाकायचं, नाहीतर नेक्स्ट() म्हणून पुढे ढकलायचं. दोन्ही केलं नाही तर रिक्वेस्ट तिथेच लोंबकळते. माझ्या टोकन तपासणाऱ्या फंक्शनमधे मुदत संपलेल्या टोकनसाठी एक इफ होता, आणि त्या इफमधून बाहेर पडायला रस्ताच नव्हता. लिहिणारा अस्मादिकच.

ब्राउझरमधेही तेच. रिडक्सच्या मिडलवेअरमधे नेक्स्ट(अ‍ॅक्शन) विसरलात तर अ‍ॅक्शन रिड्यूसरपर्यंत पोचतच नाही. बटण दाबा नाहीतर कपाळ आपटा. कोआमधे नेक्स्टच्या आधीचं अवेट विसरलं तर आणखी मजा: खालचं काम व्हायच्या आत वरून ४०४ निघून जातो.

काका म्हणाले, नियमाने पाणी आधी टेलला द्यायचं, मग वर वर यायचं. गंमत म्हणजे साखळी जोडणारं फंक्शन मीही रिड्यूसराइटने, म्हणजे शेवटाकडूनच बांधलं होतं. आधी टेल, मग त्याच्या हातात हात देत हेडपर्यंत. पण बांधणी टेलकडून झाली म्हणून पाणी टेलला पोचतं थोडंच! मधल्याने दार उघडायलाच हवं.

असो. रात्री बसून त्या इफमधून ४०१ पाठवला. शिवाय प्रत्येक फंक्शनला एक वेष्टण घातलं: आत शिरताना नाव लिहून ठेवायचं, आणि दहा सेकंदांत उत्तर गेलं नाही तर शेवटचं नाव लॉगमधे टाकायचं. म्हणजे दार कुणी लावलं ते तरी कळेल.

मंगळवारी काकांना फोन केला, पाणी आलं का विचारायला.

"मधल्यांचं भरणं चालूय अजून," म्हणाले. "तुझं सुटलं का?"