अरण्याच्या कडेची कॉफी

म्हैसूरला जाणाऱ्या प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. राजवाडा, चामुंडी टेकडी आणि तिच्यावरचा भव्य नंदी, संध्याकाळी वृंदावन उद्यानातील कारंजी, परतताना चंदनाचा साबण आणि म्हैसूरपाक. आम्हीही हे सर्व यथासांग केले. परंतु तिसऱ्या दिवशी सकाळी, पितळेच्या पेल्यातून वाफाळलेली कॉफी घेऊन झाल्यावर, आम्ही उटीचा रस्ता धरला. आणि त्या कॉफीचा त्या रस्त्याशी काय संबंध आहे, हे त्या दिवशी प्रथमच उमगले.

शहर सोडल्यावर कोसा-दीड कोसात नारळीच्या बागा आणि भातखाचरे लागतात. पंचवीसेक किलोमीटरवर कपिला नदीच्या तीरी नंजनगूडचे श्रीकंठेश्वराचे देवालय आहे. हिलाच कबिनी असेही म्हणतात. केरळातील वायनाडच्या डोंगरात उगम पावून ती काकनकोटेच्या अरण्यातून येथवर येते. पुढे गुंडलुपेट, आणि म्हैसूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर बंडीपूर. शेताचा बांध संपतो आणि झाडी सुरू होते. मध्ये मोकळी जागा अशी नाहीच.

पुण्यामुंबईकडच्या माणसाच्या मनात दक्षिणेतील अरण्य म्हणजे काळोखी, दमट, वेलींनी गुंतलेली झाडी असते. बंडीपूर पाहून आमच्या मुलीचा थोडा विरसच झाला. "हे तर आपल्याकडच्यासारखेच आहे!" असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खोटे नव्हते. ऐन, धावडा, साग, बिबळा, शिसव, बेहडा, आवळा, पळस. मेळघाटात भेटणारी ही सारी मंडळी येथेही हजर होती. उन्हाळ्यात पाने झडून ती उघडी पडतात आणि पहिल्या वळिवाबरोबर पालवतात.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला शब्दांच्या मुळाशी जाण्याची खोड असते. 'जंगल' हा शब्द आपण घनदाट झाडीसाठी वापरतो; परंतु संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मोकळा प्रदेश. आयुर्वेदाने भूमीचे जे प्रकार सांगितले, त्यांत जांगल हा कोरडा, आनूप हा पाणथळ आणि साधारण हा या दोहोंमधला. म्हैसूरच्या नैर्ऋत्येस हे तिन्ही प्रकार एका दिवसाच्या प्रवासात पाहावयास मिळतात. बंडीपूरचा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणून कोरडा. पश्चिमेकडे नागरहोळेच्या बाजूस जावे तसतसा पाऊस वाढतो, झाडे उंच होतात, बांबूची बेटे दाटतात आणि मधूनमधून 'हडलु' नावाची दलदलीची गवताळ कुरणे लागतात. त्याही पलीकडे कोडगूचे ओले डोंगर, आणि त्यांच्या उतारांवर कॉफीचे मळे.

हे अरण्य माणसाचा स्पर्श न झालेले आहे, असे मात्र कोणी समजू नये. म्हैसूरच्या महाराजांचे हे शिकारीचे रान होते. १९३१ साली त्यातील काही भाग अभयारण्य म्हणून राखला गेला आणि पुढे १९४१ मध्ये त्याचा विस्तार करून, जवळच्या गोपालस्वामी डोंगरावरील दैवताच्या नावाने, वेणुगोपाल वन्यप्राणी उद्यान स्थापण्यात आले. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत बंडीपूर होते. आपले मेळघाटही त्याच यादीत होते. त्याआधी येथे लाकडासाठी साग लावला गेला. काकनकोटेस 'खेड्डा' होत असे, म्हणजे हाकारे घालून रानहत्तींचे कळप खंदकाने व कुंपणाने वेढलेल्या जागेत कोंडले जात. १९७१ साली अखेरचा खेड्डा झाला.

अशा रानाचा संसार कसा चालतो, हे पाहण्यासारखे आहे. चितळ आवळे खातो आणि रवंथ करताना त्यांच्या बिया बाहेर टाकतो. आवळ्याचे नवे झाड कोठे उगवेल हे बऱ्याच अंशी चितळाच्या बैठकीवर ठरते. हत्ती मैलोगणती फिरून आपल्या लिदीतून बिया वाहून नेतो. गवा गवत खातो, वाळवी पडलेले लाकूड कुरतडून मातीत मिळविते, आणि वाघ व रानकुत्री चरणाऱ्यांची संख्या आवरून धरतात. या संसारात जे मातीतून निघते ते मातीतच परत जाते. बाहेर काही नेले, की हिशेब बिघडतो.

आता कॉफीकडे वळू. १९९४ साली ब्राझीलमध्ये कडाक्याचे हिमतुषार पडून तेथील कॉफीचे पीक बुडाले. जगभर कॉफीचे भाव चढले आणि आपल्याकडच्या मळेवाल्यांच्या हाती पैसा आला. त्यांना झाडांसाठी शेणखत हवे होते. ते मिळाले बंडीपूरच्या कडेला असलेल्या खेड्यांतून, जेथे शेतकऱ्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या रानात चरत. पूर्वी हे शेण गावच्याच शेतात पडे. आता त्याला गिऱ्हाईक आले. ते मालमोटारींतून मळ्यांकडे जाऊ लागले. दूध न देणारे, नांगरालाही न चालणारे जनावर केवळ शेणासाठी पाळणे परवडू लागले. गुरे वाढली, रानावरील चराई वाढली, आणि गव्या-चितळांच्या वाट्याचे गवत घटले. म्हैसूर येथील नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था १९९६ साली स्थापन झाली. तिच्यातील अभ्यासक एम. डी. मधुसूदन यांनी ही साखळी शोधून २००५ साली प्रसिद्ध केली. ब्राझीलमधील थंडीची झळ बंडीपूरच्या गव्याला लागते, हे वाचून प्रथम हसू येते. मग येत नाही. रानातील गवत शेण होऊन मळ्याकडे निघाले होते, आणि त्याचा एक घोट आम्ही त्याच सकाळी मिटक्या मारीत घेतला होता.

गुरांबरोबर रोगही येतात. १९६८ साली या परिसरात बुळकांडीची साथ आली आणि गव्यांचे कळपच्या कळप नाहीसे झाले. पुढे गुरांना लस टोचण्याचे काम जगभर नेटाने चालले आणि २०११ साली जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज बंडीपुरात गव्यांचा कळप दिसला, तर त्याच्यामागे खेडोपाडी हिंडलेल्या पशुवैद्यांचेही श्रेय आहे, हे विसरता कामा नये.

मोटारीतून जाताना झाडांखाली सर्वत्र एक झुडूप दिसत होते. लाल-पिवळ्या फुलांचे गुच्छ, खरखरीत पाने, उग्र वास. ही आपली घाणेरी. कोणी तिला टणटणीही म्हणतात. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली. आज तिने येथील रानाचा तळ व्यापला आहे. तिच्या दाटीत गवत उगवत नाही, झाडांची रोपे तग धरीत नाहीत, आणि उन्हाळ्यात ती पेटली म्हणजे ज्वाळा शेंड्यापर्यंत पोहोचतात. २०१९ च्या फेब्रुवारीत बंडीपुरात लागलेल्या वणव्यात हजारो हेक्टर रान जळाले.

पूर्वेकडील बिळिगिरिरंगन डोंगरात राहणारे सोलिग लोक या बाबतीत वेगळी हकीकत सांगतात. त्यांचे वाडवडील हिवाळा सरताच, पाचोळा पुरता वाळण्याआधी, जमिनीलगतची हलकी आग लावीत. पाचोळा तेवढा जळे, मोठी झाडे बचावत, गवताला नवे कोंब फुटत. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले, आग लावणे निषिद्ध ठरले, आणि त्यानंतर घाणेरी बेसुमार वाढली असे वृद्ध सोलिगांचे म्हणणे. शास्त्रज्ञांनी हे म्हणणे आस्थेने नोंदवून घेतले आहे. घाणेरी पसरण्याचे आग हे एकच कारण असेल असे नाही. चराई, वृक्षतोड, पाऊस यांचाही त्यात वाटा असू शकतो. परंतु ज्यांनी रान पिढ्यान्‌पिढ्या वाचले, त्यांना विचारल्यावाचून नियम केला, एवढे खरे. २०११ साली त्याच डोंगराला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षी सोलिगांचे सामूहिक वनहक्कही मान्य झाले. मलई महादेश्वर डोंगरात तर सोलिग कारागीर घाणेरीच्याच फांद्यांपासून खुर्च्या-टेबले बनवितात. शत्रूला कामाला लावण्याची ही रीत आम्हांस फार आवडली.

परतीच्या वाटेवर हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, कबिनी जलाशयापासून जवळच, नाचणीच्या शेतात एका माळ्यावर बसलेला वृद्ध शेतकरी भेटला. कबिनीचे धरण १९७४ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली अनेक गावे आणि काकनकोटेच्या अरण्याचा मोठा भाग गेला. त्यांत त्याचेही गाव होते. आमच्या मोडक्या कन्नडला सांभाळून घेत तो म्हणाला, "माझेही घर बुडाले, हत्तीचेही बुडाले. आता आम्ही दोघे एकाच शेतावर हक्क सांगतो." नाचणी पिकू लागली की तो घरी निजत नाही. हातात विजेरी आणि जवळ एक रिकामा पत्र्याचा डबा, एवढीच त्याची शस्त्रसामग्री. हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार यांनी दाखवून दिले आहे, की पिकांवर येण्यात नर हत्ती विशेष पुढे असतात, आणि रानगवतापेक्षा नाचणीत त्यांना प्रथिने व क्षार अधिक मिळतात. त्या वृद्धाला हे सांगितले, तेव्हा तो हसला. "म्हणूनच आम्हीही तीच खातो," तो म्हणाला.

गंमत अशी, की ज्या धरणाने रान बुडविले, त्याच धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते, आणि ते खाण्यासाठी शेकडो हत्ती तेथे जमतात. पाहुणे ते दृश्य पाहून तृप्त होऊन परततात. पावसाळ्यात हत्ती पांगले आणि नाचणी वाढीस लागली, की माळ्यावरच्या माणसाचे जागरण सुरू होते.

रानातून बाहेर काढलेल्या माणसांचे काय, हाही प्रश्न आहेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर नागरहोळे व बंडीपूर येथील अनेक जेनु कुरुब कुटुंबांना रान सोडावे लागले. 'जेनु' म्हणजे मध. मध काढणाऱ्याला शेताचा तुकडा दिला, तरी त्याचा उदीम त्याला परत मिळत नाही. वाघांना निवांत रान हवे हेही खरे, आणि ज्याचे देव, पूर्वजांच्या जागा आणि मधाची झाडे आत आहेत त्याचे दुःखही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालून निवाडा देणे सोपे नाही. परंतु दुसरे पारडे नजरेआड करून दिलेला निवाडा टिकत नाही, हे बिळिगिरीच्या आगीने दाखविले आहे.

सूर्यास्तापूर्वी आम्ही रानाबाहेर आलो. बंडीपुरातून जाणारी रात्रीची वाहतूक २००९ साली रात्री नऊ ते सकाळी सहा बंद करण्यात आली. व्यापाऱ्यांची आणि पलीकडच्या राज्यातील प्रवाशांची यावर तक्रार आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. तरी नऊ तास रस्ता रानाला परत मिळतो.

म्हैसूरला पोहोचल्यावर यजमानीणबाईंनी पुन्हा कॉफी पुढे केली. मुलीने वडिलांना विचारावे तसे मला विचारले, "बाबा, मग ही प्यायची की नाही?" मी म्हटले, प्यायची, मळेवाल्याचे, मजुराचे आणि कडेच्या शेतकऱ्याचेही पोट तिच्यावर आहे. मात्र ती कोठून येते हे ठाऊक असू द्यावे. तिने पेला उचलला, थोडा वेळ त्यात पाहिले, आणि म्हणाली, "माळ्यावरचे आजोबा आता जागे असतील."

बाहेर आठ वाजत आले होते. नऊला अजून तासभर अवकाश होता.