तीन आणे, साडेसात आणे, पंधरा आणे

सरकारच्या आकड्याला आव्हान देणाऱ्या लोकप्रतिनिधीने स्वतःचा आकडा अगदी बिनचूक आणला पाहिजे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. त्याचा आकडा जरा हुकला, की सत्ताधारी बाकांवर हशा पिकतो आणि प्रश्न तिथेच निकालात निघतो. कुटुंबांच्या खर्चाच्या पाहण्यांचे तक्ते वाचणे हा माझा व्यवसाय. १९६३ सालची लोकसभेतली एक चर्चा या तक्त्यांशेजारी ठेवून वाचली, की हा समज मला पटेनासा होतो.

चीनविरुद्धच्या पराभवाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून डॉ. राममनोहर लोहिया पहिल्यांदाच लोकसभेत आले होते. आदल्याच वर्षी फुलपूरमध्ये नेहरूंसमोर त्यांचा पराभव झाला होता. ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला; लोकसभेतला तो पहिलाच. ठराव पडणार हे उघड होते, आणि ६२ विरुद्ध ३४७ मतांनी तो पडलाही. मते मोजून झाली, पण लोहियांनी शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन आकड्यांचा वाद मिटला नाही. पंतप्रधानांवर रोज २५,००० रुपये खर्च होतात आणि या देशातली २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात, असे त्यांचे म्हणणे होते. दशमान नाणी येऊन सहा वर्षे झाली होती, तरी हिशेब लोकांच्या तोंडच्या आण्यांतच मांडला गेला.

यातला पहिला आकडा तपासणे सोपे नाही. पंतप्रधानांच्या सुरक्षेचा, निवासाचा, कर्मचाऱ्यांचा, प्रवासाचा खर्च अर्थसंकल्पात एका ओळीत सापडत नाही. तो निरनिराळ्या खात्यांच्या मागण्यांत विखुरलेला असतो. त्यातले काय पदाचे आणि काय व्यक्तीचे, हे ठरवण्यातच निम्मा वाद जातो. म्हणून खरी जुंपली ती दुसऱ्या आकड्यावर. नेहरूंचे उत्तर होते, तीन नव्हे, पंधरा आणे. सप्टेंबरमध्ये या विषयावर पुन्हा चर्चा झाली. तेव्हा सरकारी बाजूनेच आणखी एक आकडा पुढे आला. तळच्या साठ टक्के लोकांपुरते बोलायचे तर साडेसात आणे.

पंधरा आणे हा आकडा खोटा नव्हता. वर्षाला तो सुमारे ३४२ रुपये होतो आणि त्या वेळचे दरडोई राष्ट्रीय उत्पन्न त्याच्याच आसपास होते. पण दरडोई उत्पन्न म्हणजे सगळ्या देशाची मिळकत भागिले सगळी माणसे. त्यात गिरणीमालक आला, कंपन्यांनी वाटप न करता ठेवलेला नफाही आला. लोहियांचा प्रश्न होता ४५ कोटींतल्या तळच्या २७ कोटींविषयी, आणि उत्तर आले ४५ कोटींच्या सरासरीचे. साडेसात आण्यांनी मात्र त्या २७ कोटींना निदान वेगळे मोजले.

लोहियांचे तीन आणे तरी बरोबर होते का? माझ्या मते, २७ कोटींसाठी नाही. १९५६-५७च्या शेतमजूर चौकशीत शेतमजूर कुटुंबांतले दरडोई वार्षिक उत्पन्न शंभर रुपयांच्या आतबाहेर निघाले होते. म्हणजे दिवसाला साडेचार आण्यांच्या आतच. ही सरकारचीच पाहणी, आणि तीही ग्रामीण भारतातल्या सर्वांत कंगाल वर्गाची. त्या वर्गाच्याही तळाशी तीन आणे सापडतील, पण साठ टक्के देशावर ते पसरवता येत नाहीत. तेव्हा अंकगणितात सरकार लोहियांपेक्षा सत्याच्या जवळ होते, हे मान्य करायला हवे.

पण सरकारचा तो विजय कसला होता, ते पाहा. रोजचे साडेसात आणे म्हणजे महिन्याला साधारण चौदा रुपये. आणि १९६२ साली नियोजन आयोगाच्या पुढाकाराने नेमलेल्या तज्ज्ञगटाने किमान जीवनमानासाठी माणशी महिना २० रुपये लागतात असे ठरवले होते, तेही आरोग्य आणि शिक्षण सरकार पाहील असे धरून. लोहियांना खोडून काढताना सरकारने सभागृहात कबूल केले ते हे, की आपणच आखलेल्या किमान पातळीला तळच्या साठ टक्क्यांची सरासरीही पोचत नाही. ठरावाच्या मतदानापेक्षा ही कबुली मला कितीतरी मोठी वाटते.

नेहरूंवर अन्याय नको. वाढलेले उत्पन्न गेले कुठे, हा प्रश्न १९६० साली त्यांनी स्वतःच संसदेत उपस्थित केला होता आणि त्याच्या शोधासाठी महालनोबिस समिती नेमली गेली होती. पण समितीला प्रश्न विचारणे वेगळे आणि भर सभागृहात विरोधकाला आकड्याने उत्तर देणे वेगळे. समितीच्या अहवालाला वेळ लागतो. खासदाराला उत्तर त्याच अधिवेशनात द्यावे लागते.

पुढचे काम पुण्यात झाले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोजचे २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न परवडायला किती खर्च लागतो, तिथून त्यांनी सुरुवात केली. १९६०-६१च्या किमतींना खेड्यात महिना १५ आणि शहरात साडेबावीस रुपये. या रेषेखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक निघाले. तीन की पंधरा या भांडणाच्या जागी आता, किती माणसे कोणत्या रेषेखाली, असा मोजता येणारा प्रश्न आला.

आज त्याच पद्धतीचा वाद घालायचा असेल, तर २०२२-२३ची कुटुंबांच्या खर्चाची पाहणी हाताशी आहे. ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये, तर तळच्या पाच टक्क्यांचा १,३७३. पहिला आकडा भाषणात येतो, दुसरा तक्त्यात राहतो. त्याआधीची २०१७-१८ची पाहणी मात्र विदेच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने प्रसिद्धच केली नाही. त्यामुळे २०११-१२नंतर दहा वर्षांहून अधिक काळ ‘गरिबी घटली’ म्हणणाऱ्याला आणि ‘वाढली’ म्हणणाऱ्याला सारखीच मोकळीक होती.

म्हणून विधानसभेत किंवा संसदेत निघालेल्या कुणी मला विचारले, की तयारी काय करू, तर मी बिनचूक आकडा शोधा असे सांगत नाही. तो मोजायची यंत्रणा सरकारकडे असते, एका सभासदाकडे नसते. सरासरी सांगितली गेली की ती कुणाकुणाची, हे विचारा. तळच्या साठ टक्क्यांची वेगळी मागा. आणि मूळ तक्ता पटलावर ठेवायला लावा. लोहियांचे तीन आणे टिकले नाहीत, पण त्यांच्यामुळे सरकारला पंधरावरून साडेसातवर यावे लागले.