दाराजवळची फळी

आधी वास आला. नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर येतो तसा, गोडसर आणि डोक्यात जाणारा. फेब्रुवारीतला रविवार, रात्रीचे नऊ वाजून गेलेले. मी आतल्या खोलीत वायरी सोल्डर करत बसलो होतो. ओसरीतून आई म्हणाली, "आरं, कसला वास येतोय रं? तुझं ते लावलंयस ना चार्जिंगला, ते बघ आधी."

पुण्याहून पौड रस्त्याने येताना पिरंगुट आणि घोटावडे फाटा ओलांडला की आमचं कासार आंबोली. घर जुनं, दोन खोल्यांचं. पुढची ओसरी पत्रे लावून बंद केलेली आणि तिला एकच दार. आईची खाट ओसरीत असते. मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. भात काढून खाचरं मोकळी झाली की सुट्टीच्या दिवशी तिथे ड्रोन उडवतो. ते मी स्वतःच जोडतो. त्यांना लागणाऱ्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या, ज्यांना आम्ही सगळे 'लिपो' म्हणतो, दाराजवळच्या लाकडी फळीवर चार्ज करायचो. तिथे सॉकेट होतं, म्हणून ती जागा. याहून जास्त विचार मी केला नव्हता.

त्या दिवशी दुपारी ड्रोन बांधावर आपटला होता. बॅटरीचा एक कोपरा नखाएवढा चेपला. हातात घेऊन नीट पाहिली. फुगलेली नव्हती, गरम नव्हती, चारही सेलचं व्होल्टेज जवळपास सारखं. मी ती चांगली धरली. सगळ्यात मोठी चूक तीच.

लिपोला पत्र्याचं कवच नसतं. पातळ फॉइलच्या मऊ पिशवीत तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे पत्रे थरावर थर बसवलेले असतात आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पापुद्रा. तो पापुद्रा आहे तोवर सगळं ठीक. आपटल्यावर तो कुठेतरी चिरडला, तरी बॅटरी काही तास काही दाखवतही नाही. चार्जिंगला लावली, सेल भरत आला, की त्या कमकुवत जागी आतल्या आत शॉर्ट होतो. तिथली उष्णता शेजारच्या थराला पेटवते, तो त्याच्या शेजारच्याला. आतलं द्रव रसायन ज्वलनशील असतंच. हे एकदा सुरू झालं की चार्जरचं बटण दाबून थांबत नाही.

त्यातून माझ्या चारही बॅटऱ्या एकाच पॅरलल बोर्डवर होत्या. वेळ वाचतो म्हणून आम्ही सगळेच असं करतो. पण अशा बोर्डवर बॅटऱ्या फक्त चार्जरला नाही, एकमेकींनाही जोडलेल्या असतात. एकीत शॉर्ट झाला की उरलेल्या तिघी आपली वीज तिच्यात ओततात. घरातल्या साध्या सॉकेटची मर्यादा 6 अँपिअरची. ड्रोनची ही तळहाताएवढी बॅटरी क्षणभर शंभराच्या वर अँपिअर देऊ शकते. माझा बोर्ड स्वस्तातला होता, त्याला फ्यूज नव्हते.

मी ओसरीत आलो तेव्हा चेपलेली बॅटरी उशीसारखी फुगली होती. बघता बघता तिची शिवण उसवली आणि कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करत पांढरा धूर सुटला. मी चार्जरची पिन उपसली आणि आईच्या दंडाला धरलं. पदर तोंडाला लावून ती फळीच्या पुढ्यातून बाहेर पडली, तिच्या मागोमाग मी. आम्ही उंबरा ओलांडतोय तोच मागे हातभर ज्योत उठली. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला असता तर आगीच्या पलीकडे दार आणि अलीकडे आम्ही, असं झालं असतं.

शेजारच्या तात्यांनी धावत येऊन मीटरजवळचा मेन स्विच पाडला. त्यांच्या बांधकामाची वाळू रस्त्याकडेला पडली होती. आईनेच घमेलं भरून माझ्या हातात दिलं. मी दारातून वाळू फेकली, ज्योत दबली, आणि वाटलं संपलं. तेवढ्यात वाळूखालून दुसरी बॅटरी फुटली. वाळूने ज्वाळा दबते, ठिणग्या उडत नाहीत, पण आतली उष्णता जात नाही. शेवटी तोंडाला ओला टॉवेल बांधून, लांब दांड्याच्या फावड्याने सगळं अंगणात ओढलं आणि बादल्यांमागून बादल्या ओतल्या. या बॅटऱ्यांवर पाणी टाकू नये असं पुष्कळजण सांगतात. मेन बंद असेल तर पाणीच टाकावं, आणि भरपूर. गार होणं हाच त्यावरचा इलाज.

फळी गेली, खिडकीचा पडदा गेला, पत्रा काळा पडला. आईचा खोकला दोन दिवस थांबला नाही. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, घसा आणि फुप्फुस जाळणारा. डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, धुरात किती वेळ होता?

त्या रात्री मला झोप लागली नाही. उरवडे डोळ्यांसमोर येत राहिलं. 7 जून 2021 ला आमच्याच भागातल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्याला आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार गेले, बहुतेक बायका. जेसीबीने भिंती फोडून आत शिरावं लागलं होतं. त्यानंतर आमच्या खात्यात बाहेर पडायच्या वाटेवर साधं खोकंही कोणी ठेवलं तर मी ओरडतो. आणि घरी, एकुलत्या एका दाराशी, मी स्वतःच्या हाताने आग ठेवली होती. मग वसई आठवली. सप्टेंबर 2022 मध्ये तिथे घरात चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली आणि झोपेत भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी गेला. बॅटरी वेगळी, पण जात तीच, आणि प्रसंगही तोच: माणसं झोपलेली, चार्जिंग चालू.

आता माझं चार्जिंग अंगणात, दगडी कट्ट्यावर होतं, वर पत्रा आहे. बॅटरी मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवतो आणि दुसरी कुंडी वर उपडी घालतो. तिच्या बुडाचं भोक मोकळं ठेवतो, कारण घट्ट बंद डब्यात वायू कोंडला तर डबाच फुटतो. शेजारी वाळूचं घमेलं आणि पाण्याच्या दोन बादल्या. एका वेळी एकच बॅटरी, आणि तिचे सगळे सेल सारखे भरावेत म्हणून बॅलन्स लीडची बारीक वायर लावून. 1500 एमएएचच्या बॅटरीला दीड अँपिअरच्या वर नाही, म्हणजे तासभर लागतो, आणि तो तासभर मी तिथेच बसतो. जेवायला बोलावलं तर चार्जिंग बंद करून जातो. उडवून आलेली गरम बॅटरी गार झाल्याशिवाय लावत नाही. आठवडाभर उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवतो, पूर्ण 4.2 वर नाही. भरलेली बॅटरी पडून राहिली की लवकर फुगते आणि पेटली तर जोरात पेटते.

चेपलेली किंवा फुगलेली बॅटरी कितीही महाग असो, ती संपली. तिला टाचणी लावायची नाही. मी ती अंगणात गाडीचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून, ते विझेपर्यंत रिकामी करतो, टोकांना टेप लावतो आणि पुण्यात ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतो. घंटागाडीत कधीच नाही. तिथे ती दाबली जाते आणि आग दुसऱ्याच कुणाच्या हाताशी लागते.

गावातली दोन पोरं माझं बघून ड्रोन उडवायला लागली आहेत. उडवायला शिकवण्याआधी दोघांच्या घरी जाऊन चार्जिंगची जागा पाहिली. एकाची बॅटरी गादीवर होती, दुसऱ्याची देव्हाऱ्याखाली. दोघांच्या आयांना मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

आता फवारणीचे ड्रोनही खेड्यापाड्यांत येत आहेत. 2023 च्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या 15,000 महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. त्यांची एकेक बॅटरी माझ्या बॅटरीच्या पंधरा-वीसपट किंवा त्याहूनही मोठी असते. तुमच्या गावात असा ड्रोन आला असेल, तर तो किती एकर फवारतो हे विचारण्याआधी त्याची बॅटरी रात्री कुठे ठेवतात आणि त्या खोलीत कोण झोपतं, हे जाऊन बघा.