इंटरनेटही ग्रामसभेत मागा

गोंदिया जिल्ह्यात नेटचा कस पावसाळ्यात लागतो. देवरी-सालेकशाच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात बसवलेली बिनतारी जोडणी छान चालते, कारण तेव्हा सागाला पान नसतं. श्रावणात तीच जोडणी लंगडते. 2018 पासून विनापरवाना वापरता येणाऱ्या पाच गिगाहर्ट्झच्या लहरी ओलं पान शोषून घेतं. या जोडण्या उभारणं हेच माझं काम. त्यामुळे खांबाची उंची भर पावसातलं झाड पाहून ठरवा, असं मी प्रत्येक गावात आधी सांगतो.

आणि शेतकऱ्याला नेट लागतं ते नेमकं याच दिवसांत. 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभं राहून धानाचा फोटो काढायचा आणि तो वर पाठवायचा, की सातबाऱ्यावर पीक चढतं. ती नोंद नसेल तर आधारभूत केंद्रावर धान विकताना अडतं. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीही 2023 पासून मोबाइलवर घेणं बंधनकारक झालं. टोल्यावर, म्हणजे गावाच्या सुट्या वस्तीवर, रेंज नसली की घरात यायचा पैसाच अडतो, तरीही नेटकडे अजून चैन म्हणून पाहिलं जातं, याचा मला संताप येतो.

सरकारी तार आली आहे. 2011 साली मंजूर झालेली, आता भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना ही तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत पोचवण्यासाठी आखली गेली. पण इथली ग्रामपंचायत म्हणजे काही एकच वस्ती नसते. दोन-तीन गावं, त्यांचे टोले, मध्ये नाला, मध्ये जंगल. कचेरीतली नेटची पेटी वीज गेली की मुकी, आणि सुटीच्या दिवशी कुलपात. 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1,39,579 कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतीचं मुख्यालय नसलेल्या गावांनाही मागणीप्रमाणे जोडणी देण्याची तरतूद आहे. मागणी करायची कुणी?

ग्रामसभेने, असं माझं ठाम मत आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या इथल्या ग्रामसभांनी तेंदूपानांचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला, ठेकेदारांशी भाव ठरवला. त्यांना नेटची बोलणी जड जाणार नाहीत. जंगलातून तार नेता येत नाही असं ऐकून लोक परत फिरतात. पण वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये ज्या 13 सुविधांसाठी वनजमीन देता येते, त्यांत दूरसंचाराच्या तारा स्पष्ट लिहिलेल्या आहेत. जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी 75 हून जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि शिफारस ग्रामसभेची हवी.

दराचंही तसंच. डिसेंबर 2020 च्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवाना किंवा नोंदणीशिवाय वाय-फाय विकू शकतो. अडत होतं ते कंपन्यांकडून मिळणाऱ्या जोडणीच्या भावापाशी. जून 2025 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. आता उमेद अभियानातल्या बचत गटालाही हे काम परवडू शकेल.

महाराष्ट्रात डिजिटल हक्कासाठी झालेलं सर्वांत ठळक आंदोलन, माझ्या मते, अंगणवाडी सेविकांचं. निकृष्ट मोबाइल आणि मराठी नसलेलं ॲप नाकारून 2021 मध्ये त्यांनी राज्यभर फोन परत केले. एवढ्या नेमक्या शब्दांत तक्रार मांडलेली मी तंत्रज्ञांच्या सभेतही क्वचित ऐकली आहे. तशीच मागण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. पालघर जिल्ह्यातल्या गावांत मुंबई आयआयटीच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने टीव्हीच्या मोकळ्या लहरींवर नेट चालवून दाखवलं. त्या लहरी झाडीतून पुष्कळ चांगल्या जातात. जंगलातल्या गावांसाठी त्या खुल्या कराव्यात, ही मागणी दिल्लीपर्यंत न्यायला हवी आणि तीही सेविकांइतकी नेमकी हवी.

ग्रामसभेच्या ठरावात टोल्यांची नावं, खांबाची जागा, पावसाळ्यात मिळायलाच हवा असा वेग, महिन्याचा दर आणि पेटीचं वीजबिल कोण भरणार, एवढं लिहावं. 26 जानेवारीची ग्रामसभा ठरलेलीच असते. टोले फिरून यादी त्याआधी करून ठेवावी.