सोलापूरचा मुक्काम : लॉज निवडताना

लग्नसराई जवळ आली की आमच्या घरातून सोलापूरची एक फेरी ठरलेली असते. आहेराचे टॉवेल, पाहुण्यांना द्यायच्या चादरी, नव्या घरात लागणारे पंचे-नॅपकिन, हे सगळे लातुरातही मिळते. पण पन्नास-साठ नग घ्यायचे असतील तर थेट अक्कलकोट रोड एमआयडीसीत जाणे परवडते. तिथे बऱ्याच ठिकाणी टेरी टॉवेल किलोवर तोलून देतात, आणि हातात घेऊन वजन बघता येते. टॉवेलच्या कोपऱ्यावर नवरा-नवरीचे नाव भरून हवे असेल तर मात्र माल दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मिळतो. म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्काम म्हणजे लॉज.

सोलापुरात आमचे नातेवाईक आहेत. पण शाळा-परीक्षांच्या दिवसांत त्यांच्या दोन खोल्यांत आणखी चार माणसे घालणे आम्हाला पटत नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत आम्ही दोघे आणि आमची दोन मुले तीन-चार वेगवेगळ्या लॉजवर राहिलो आहोत, सगळे रात्रीला हजाराच्या आसपासचे. शाळेतल्या सहकारी भगिनी विचारतात, म्हणून अनुभव लिहून काढतो आहोत.

पहिली गोष्ट, रिक्षावाल्याला नुसते ‘एमआयडीसी’ म्हणू नका. सोलापूरला पुणे रस्त्यावर चिंचोळीची एमआयडीसी आहे, होटगी रोडलाही औद्योगिक वसाहत आहे. तिन्ही तीन दिशांना. ‘अक्कलकोट रोड एमआयडीसी’ असे पूर्ण नाव घ्या आणि कारखान्याचा प्लॉट नंबर हाताशी ठेवा. आत गेल्यावर सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात आणि सगळीकडून मागांचा खडखडाट येतो.

राहायचे मात्र शहरात. अक्कलकोट रस्त्यावर स्वामी समर्थांच्या भक्तांची वर्दळ असते, त्यांच्यासाठी हॉटेलेही आहेत. पण रात्री आठनंतर मुलांना दूध हवे, औषध हवे, तर कारखान्यांच्या भागात कुठे शोधणार? रेल्वे स्टेशनसमोर आणि एसटी स्टँडच्या आसपास साधे लॉज भरपूर आहेत. तिथून एमआयडीसी रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटे.

दिवस निवडताना कॅलेंडर बघा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा खोली मिळत नाही, मिळाली तर दीडपट-दुप्पट पैसे. गुरुपौर्णिमा, दत्तजयंती आणि एकूणच गुरुवार, अक्कलकोटला जाणाऱ्यांची गर्दी असते. आषाढीला पंढरपूरची गर्दी सोलापुरापर्यंत येते. एप्रिल-मे मध्ये खोली सहज मिळते, कारण चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात कोणी फिरकत नाही. पण लग्ने नेमकी तेव्हाच! आम्ही आता फेब्रुवारीत जाऊन येतो.

फोनवर दर विचारताना तीन प्रश्न विचारावेत. दर करासहित आहे का? चेक-आउट चोवीस तासांचे की दुपारी बाराचे? आणि दोन मुलांचे वेगळे पैसे आहेत का? दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणारे लोक सकाळीच उतरतात. चोवीस तासांचा हिशेब असेल तर दुसऱ्या सकाळपर्यंत एकच दिवस लागतो, बाराचा असेल तर पाच तासांत एक दिवस संपतो. कराचे म्हणाल तर सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे. कोणी अजून बारा टक्के लावत असेल तर पक्के बिल मागा.

फोनवर आपले पूर्ण नावही सांगून टाकावे. एकदा एका ठिकाणी फोनवर खोली होती, काउंटरवर ओळखपत्र बघितल्यावर ती ‘आत्ताच भरली’. मुलांसमोर ते ऐकणे नको वाटते. तेच फोनवर ऐकले तर एवढे लागत नाही. त्याच रस्त्यावरच्या पुढच्या लॉजवाल्या काकांनी आमच्या हातातल्या पिशव्या बघूनच किल्ली काढून ठेवली होती, नाव त्यांनी नंतर लिहून घेतले. सोलापूर हे असे गाव आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि आपली दखनी एकाच काउंटरवर ऐकू येते. ‘कमरा होना क्या?’ असे कोणी विचारले की उर्दू शिकवणाऱ्या माणसाला आधी हसू येते आणि मग घरी आल्यासारखे वाटते.

ओळखपत्र सगळ्या मोठ्या माणसांचे लागते. आधारची झेरॉक्स देण्याऐवजी मास्क केलेले आधार द्यावे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सच द्यायची वेळ आली तर तिच्यावर लॉजचे नाव आणि तारीख आडवी लिहून सही करावी.

आता मुख्य गोष्ट. पैसे देण्याआधी खोली बघायची, हे सगळेच सांगतात. आम्ही म्हणतो, खोलीच्या आधी जिना बघा.

१८ मे २०२५, रविवारची पहाट. याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाचे कुटुंब आणि कामगाराचे कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहत होते, सगळे झोपेत होते. आठ माणसे गेली. त्यांत दीड वर्षाचे लेकरू होते. आग आटोक्यात आणायला अनेक तास लागले. त्याच सकाळी हैदराबादला, चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात एका घराला आग लागून १७ जण गेले. त्याच्या तीनच आठवडे आधी, २९ एप्रिलला, कोलकात्याच्या बडाबाजार भागातल्या एका स्वस्त हॉटेलात १४ जण दगावले, बरेचसे धुरात गुदमरून. सुट्टी होती, वर्तमानपत्रे रोज हातात होती. आम्ही ज्या गल्लीतून टॉवेल आणले होते त्याच भागाचे फोटो पहिल्या पानावर बघितले. कापूस, सूत, टॉवेलचे गठ्ठे एकदा पेटले की धूर किती होतो, हे त्या भागात फिरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

लॉजचा आणि कारखान्याचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध हा, की माणूस दोन्हीकडे झोपेत असतो आणि बाहेर पडायची वाट बहुधा एकच असते. स्वस्त लॉज म्हणजे खाली दुकाने, वर दोन-तीन मजले, मधून अरुंद जिना. जिन्याखाली गॅस सिलिंडर, जुन्या गाद्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. खिडकीला पक्के गज. आणि रात्री अकराला खालचे चॅनेल गेट कुलूपबंद, किल्ली गेटपाशी झोपलेल्या पोराच्या खिशात. चोरी होऊ नये म्हणून हे करतात, त्यांचेही बरोबर आहे. पण आग लागली तर?

म्हणून आम्ही काउंटरवर सरळ विचारतो, ‘भाऊ, रात्री गेटला कुलूप लावता का? किल्ली कुठे असते?’ पहिल्यांदा विचारले तेव्हा मॅनेजर चमकला होता, आम्ही रात्री गुपचूप निघून जाणार की काय असे त्याला वाटले. कारण सांगितल्यावर त्याने गेटच्या आतल्या बाजूचा खिळा दाखवला. कोणी उडवून लावत असेल तर आम्ही तिथे राहत नाही, पन्नास-शंभर रुपये जास्त देऊन दुसरीकडे जातो. दर, गादी, टीव्ही, गरम पाणी, या सगळ्यांत तडजोड करता येते. या एका बाबतीत आम्ही करत नाही.

खोली पहिल्या मजल्यावरची मागावी. अशा इमारतींत लिफ्ट नसते ते बरेच, असली तरी आगीत वापरायची नाही. ज्या खिडकीचे दार उघडते आणि जी रस्त्याच्या बाजूला आहे अशी खोली घ्यावी, मागच्या डक्टकडे तोंड असलेली नको. गजांमधून बाहेर पडता येणार नाही, पण हाक मारता येईल आणि हवा मिळेल. सामान ठेवले की मुलांना घेऊन एकदा खोलीपासून जिन्यापर्यंत चालत जायचे आणि मध्ये किती दारे लागतात ती मोजायची. वीज गेली, धूर झाला, तर भिंतीला हात लावून तेवढी दारे मोजत जाता येते. आमच्या धाकटीला तो खेळच वाटतो. धूर असेल तर ओला रुमाल नाकाला, खाली वाकून चालायचे, आणि दाराची मूठ गरम लागली तर दार उघडायचे नाही, खालच्या फटीत ओली चादर कोंबायची. खोलीची किल्ली रात्री दाराजवळ एका ठरलेल्या जागी. फोनमध्ये १०१ आणि ११२.

आपल्या हातूनही आग लागू शकते हे विसरू नये. बादलीत पाणी तापवायचा रॉड घरून नेऊन लॉजच्या सैल सॉकेटमध्ये लावणारे कितीतरी जण आहेत. डासांसाठी पलंगाखाली कॉइल पेटवून झोपणारेही आहेत, आणि पलंगावरची चादर जमिनीला टेकलेली असते. कॉइलपेक्षा मच्छरदाणी न्या. रात्री झोपताना दिवा-विस्तव विझवून झोपा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणी पाठ केलेली असते. फोन उशीखाली चार्जिंगला लावून झोपणे हाही आजचा विस्तवच म्हणायचा.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने सोप्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. लॉजवाले बोअर किंवा टँकरवर भागवतात. पाणी कोणत्या वेळी बंद असते ते विचारून घ्यावे, नाहीतर फजरच्या वेळी नळ कोरडा. आम्ही रात्रीच एक बादली भरून ठेवतो. स्वतःचा लोटा आणि एक जुनी चादर बरोबर असतेच. चादरींच्या गावाला घरून चादर नेतो म्हणून आमचे भाऊजी दरवेळी चेष्टा करतात. पण लॉजच्या गादीची शिवण एकदा उलटून बघा, ढेकणांचे काळे ठिपके दिसले की चेष्टा संपते.

किबला इथून पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येतो. फोनमधले होकायंत्र लोखंडी पलंगाजवळ फसवते, म्हणून खोलीच्या मधोमध उभे राहून बघावे. इंडोनेशियात हॉटेलच्या खोलीत छतावरच किबल्याचा बाण चिकटवलेला असतो. आपल्याकडे आम्ही चार आण्याची चिकटपट्टी भिंतीला लावतो आणि निघताना काढून घेतो. लातूरहून गेले तर कसर लागू होतेच, तेवढा वेळ वाचतो.

जेवणाची चिंता नको. विजापूर वेस आणि बेगम पेठ भागात आपले खाणे सगळीकडे मिळते, सोलापूरची शीक चाखल्याशिवाय मुले परत यायला तयार नसतात. रमजानमध्ये गेलात तर विजापूर वेशीतला मीना बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो, पण गेटच्या कुलपाची वेळ आधी विचारून जा. परतीसाठी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी.

संध्याकाळी मोकळा वेळ असेल तर मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यावे. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे वर्तमानपत्र चालवत, गिरणी कामगारांत त्यांची ऊठबस होती. गिरण्या आता बंद पडल्या. काम पॉवरलूमवर गेले, ते अक्कलकोट रोडसारख्या वसाहतींत. एमआयडीसी ओलांडून थोडे पुढे कुंभारीला गेलात तर विडी आणि यंत्रमाग कामगारांची घरकुले दिसतात, जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातली १५,००० घरे एकदम वाटली गेली. आपण टॉवेल विकत घेतो तो विणणारी माणसे संध्याकाळी इथल्याच घरांत परततात. ती बघितली की किलोमागे दहा रुपयांसाठी आपण घातलेली घासाघीस जरा कमी होते.

माल नेताना एवढेच. साठ टॉवेल, दहा चादरी म्हणजे दोन मोठे गठ्ठे होतात. ते लॉजच्या खोलीत रात्रभर ठेवावे लागले तर दाराच्या वाटेत ठेवू नका, पलंगापलीकडे भिंतीशी लावा. शक्यतो कारखान्यातूनच ट्रान्सपोर्टने पाठवून द्यावेत. पावती घ्यायची, नग मोजून लिहून घ्यायचे. लातूरला आमचे गठ्ठे दुसऱ्या दिवशी पोचले, आम्ही त्याच्या आदल्या रात्री.