हिमालयाचा बर्फ आणि माणदेशाची बाजरी

परगावचा पाहुणा साताऱ्यास आला की आपण त्याला अजिंक्यतारा दाखवतो, कासचे पठार दाखवतो, फार झाले तर कंदी पेढ्यांचा पुडा हातात देऊन निरोप देतो. पण या जिल्ह्याचे जे खरे नवल, ते पाहायला एस. टी.चे साधे तिकीट पुरते. महाबळेश्वरावर एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या दहिवडीस तो पाचशेच्या आसपास पडला, तरी लोक साल बरे गेले म्हणतात. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अमलाखाली एक कुबेर आणि एक सुदामा नांदतात, तो हा मुलूख.

मराठीच्या अध्यापकाला माणदेश नवा नसतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’ १९४९ साली आली, ‘बनगरवाडी’ १९५५ साली, आणि तेव्हापासून या उजाड माळावर आमची जाऊन-येऊन असते. मात्र पुस्तकातून जाणे वेगळे आणि धूळ खात जाणे वेगळे. साताऱ्याहून कोरेगाव मागे पडले, वर्धनगडाचा घाट चढून गाडी पुसेगावच्या बाजूस उतरली की उसाचा हिरवा रंग हळूहळू विटतो. दहिवडी, गोंदवले करीत म्हसवड येईपर्यंत कुसळांचे माळ, बाभळी, मेंढरांचे कळप आणि वर मोकळे आभाळ एवढेच सोबतीला उरते. सह्याद्रीने पाऊस अडवून ठेवला आणि पलीकडे नुसते ढग पाठवले, असे इथले लोक म्हणतात. आणि भूगोलाचे पुस्तकही निराळे काही सांगत नाही.

म्हसवडच्या पुढे राजेवाडीचा तलाव आहे. मला पाहायचा होता तो हाच. पाण्याचा फुगवटा बराचसा साताऱ्याच्या माण तालुक्यात आणि राजेवाडी गाव सांगलीच्या आटपाडी तालुक्यात, अशी याची गंमत. अर्थात हा तलाव बांधला तेव्हा दोन जिल्हे नव्हतेच. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ साली आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० साली. तलावाचे काम निघाले ते १८७६च्या दुष्काळात. त्या दुष्काळाने दक्षिणेत लाखो माणसे नेली. जी उरली त्यांच्या हाती सरकारने पाट्या आणि फावडी दिली. पोटासाठी त्यांनी जी माती वाहिली, तिचा हा बांध.

बांधावर एक म्हातारबाबा मेंढरे चारीत होते. ऐंशीच्या घरातले असावेत. ‘आबा, फार जुना दिसतोय हो बांध,’ असे मी म्हणताच ते काठीवर रेलून म्हणाले, ‘मास्तर, माझा आजा त्याच्या बापाकडनं ऐकल्यालं सांगायचा. सकाळी पाटी उचलल्याली बाई सांजंला घरी येईलच आसा भरवसा नसायचा.’ एवढे बोलून ते मेंढरांकडे वळले. मीही पुढे काही विचारले नाही.

आता वाचकांना मी एक वेगळीच गोष्ट सांगतो. ज्या दुष्काळाने हा बांध उभा केला, त्याच दुष्काळाने येथून दीड हजार किलोमीटरांवर आणखी एक काम उभे केले. ते काम म्हणजे हिमालयातला बर्फ मोजण्याचे. हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले १८७५ साली, आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड कामावर बसतात न बसतात तोच हा काळ कोसळला. पाऊस का फसला आणि पुन्हा फसणार असेल तर ते आधी कळेल का, हा प्रश्न मग पांडित्याचा उरला नाही. तो भाकरीचा झाला. ब्लॅनफर्ड यांनी पहाडी मुलखातून बर्फाच्या बातम्या गोळा केल्या. कोठे किती पडला, कधी पडला, केव्हा वितळला, यांची पावसाशी सांगड घातली आणि १८८४ साली लिहिले की हिमालयात बर्फ फार झाला व तो उशिरापर्यंत टिकला, तर खालच्या मैदानात कोरडे वारे वाहतात आणि पाऊस हटतो. या आडाख्याच्या आधारावर ४ जून १८८६ रोजी पावसाळ्याचे पहिले रीतसर भाकीत प्रसिद्ध झाले.

बर्फाचा आणि पावसाचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या चुलीकडे पाहा. सरपण ओले असेल तर निम्मी आच ते वाळवण्यातच जाते आणि भाताला आधण येत नाही. पावसाळ्याचे वारे समुद्रावरून जमिनीकडे यायचे, तर उन्हाळ्यात जमीन चांगली तापावी लागते. तिच्यावर बर्फाचे पांघरूण जाड असेल, तर पांढऱ्या धोतरासारखे ते ऊन परतवून लावते. उरलेले ऊन बर्फ वितळवण्यात आणि ओल सुकवण्यात खर्ची पडते. मग जमीन उशिरा तापते आणि वाऱ्याला ओढ कमी पडते.

विद्या इतकी सोपी असती तर बरे झाले असते. १९०४ साली खात्याची सूत्रे हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर यांनी हिमालयाच्या बर्फाला दक्षिण अमेरिकेतला वायुभार आणि झांजिबारचा पाऊस असे लांबलांबचे साथीदार जोडले. पुढे १९८८ साली आपले डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी सोळा घटकांचे गणित मांडले. त्यातही हिमालयाचा बर्फ होता, युरोप-आशियाचा बर्फ होता. चौदा वर्षे हे गणित देशाने वापरले. २००२ साली पाऊस सरासरीइतका होईल असे ते म्हणाले, आणि देशात पडला सरासरीच्या ८१ टक्के. गणित बदलावे लागले. बर्फ आणि पाऊस यांचे जुने नातेही गेल्या काही दशकांत पूर्वीसारखे घट्ट राहिलेले नाही, असे अभ्यासकांना आढळले आहे.

म्हणून मोजणे थांबले का? उलट वाढले. हिमनदीत बांबू रोवून वर्षाकाठी किती बर्फ झिजला ते पाहतात; खड्डा खणून थराथराचे वजन करतात, कारण बर्फाची नुसती जाडी फसवी असते, त्यात पाणी किती हे महत्त्वाचे. गोव्यात वास्को येथे ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्याने २०१६ साली स्पितीत साडेतेरा हजार फुटांवर ‘हिमांश’ हे ठाणे उभारले. त्याच केंद्राचे ‘हिमाद्री’ हे ठाणे २००८ पासून थेट उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, स्वालबार्ड बेटांत आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात नळी घालून काढलेले बर्फाचे दंडगोल गोव्याच्या दमट हवेत शून्याखाली वीस अंशांवर जपून ठेवतात. वर्षावर वर्ष साचलेली ती निसर्गाची चोपडीच आहे.

समुद्रावरच्या बर्फाची मोजदाद उपग्रह करतात. सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने ते ढगांतून आणि सहा महिन्यांच्या रात्रीतही पाहू शकतात. १९७९ पासूनची ही सलग नोंद सांगते की उत्तर ध्रुवाकडचा उन्हाळी बर्फ आटत चालला आहे. सर्वांत कमी तो २०१२च्या सप्टेंबरात होता. कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होणे यांचा संबंध असावा, असे वास्कोच्याच शास्त्रज्ञांनी २०२१ साली मांडले. ‘असावा’ हा शब्द त्यांचाच आहे, आणि मला तो फार आवडला.

यातले थोडेसे मी आबांना सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, ‘म्हंजे तिकडचा बर्फ मोजून हिकडचा पाऊस कळतोय व्हय?’

‘थोडाथोडा कळतो, आबा.’

‘मंग थोडाथोडाच खरा धरायचा,’ ते म्हणाले. ‘पर मोजायचं सोडू नगा म्हणावं त्यास्नी. आमी बी सोडत न्हाई. दोन डाव बी मातीत गेलं तरी तिसऱ्यांदा पेरतोच की.’

हवामानशास्त्राची याहून समंजस समीक्षा मी वाचलेली नाही.

पुढे दिघंचीवरून आटपाडीस आलो. येथला माळ आता पूर्वीचा उरलेला नाही. टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने इकडे आणले आहे आणि बाभळीच्या शेजारी डाळिंबाच्या बागा दिसतात. माडगूळकरांच्या पिढीला हे स्वप्नातही खरे वाटले नसते. तरी मनात येतेच, की हे पाणी तरी कोठले? महाबळेश्वराच्या पावसाचेच. तो हटला तर पंप काय उपसणार? आणि तो पिसाळला तर काय होते, ते सांगलीने २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांवर चढली तेव्हा पाहिले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात माणमधली जनावरे चारा छावणीत उभी होती. अधिक आणि उणे, दोन्हीचे धनी आपणच. तेव्हा दूरच्या बर्फाची विचारपूस करणे ही श्रीमंत राष्ट्रांची हौस नव्हे. ज्याच्या घरी बाजरीचे कणगे एकाच पावसावर भरते, त्याची ती गरज आहे.

नोंदीचे मोल एका वर्षात कळत नाही. एका दिवसाचा आकडा नुसता आकडा असतो. दीडशे वर्षांच्या आकड्यांना वाचा फुटते. मध्ये खंड पडला की ती वाचा बसते. तहसील कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक सकाळी साडेआठला पाहणारा कारकून आणि हिमनदीवर बांबू रोवणारा तरुण संशोधक यांची कधी गाठ पडणार नाही, पण दोघे एकाच वहीत लिहीत आहेत. तिचे पहिले पान ज्यांच्या मरणाने उघडले, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा माणदेशात शाळूची पेरणी होऊन कोंभ बोटभर वर आले असतील. हिमालयात नवा बर्फ पडू लागलेला असेल, आणि एप्रिलात हवामान खाते आपला पहिला अंदाज सांगेल तेव्हा उत्तर गोलार्धातल्या बर्फाचा शब्द त्यात नेहमीप्रमाणे येईल. तो शब्द ऐकला की राजेवाडीचा बांध आठवावा, एवढेच माझे मागणे.